छत्तीसगडातले मराठी वंशज

छत्तीसगडातल्या मराठी माणसांची मोजणी जनगणनेत होते ती मातृभाषेवरून. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या अडीच कोटींहून अधिक लोकसंख्येपैकी मराठी ही मातृभाषा सांगणारे दीड लाखाच्या आतच होते, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आकडा खरा असला तरी त्यावरून मराठी मूळ असलेली माणसे किती, हे कळत नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्या कारकुनाचे आजचे वंशज मातृभाषेच्या रकान्यात हिंदी लिहितात आणि या हिशेबातून गळतात. उलट गोंदिया आणि गडचिरोलीला लागून असलेल्या पट्ट्यातली मराठी बोलणारी गावे कुठून आलेलीच नाहीत. राज्यांची सीमा त्यांच्या पलीकडून गेली, एवढेच. तरीही ती गावे या आकड्यात येतात. भारताची जनगणना जन्मस्थान विचारते, याआधी कुठे राहत होता तेही विचारते, पण पूर्वज कुठले हे विचारत नाही.

हा प्रश्न सरळ विचारणारे देश आहेत आणि त्यांपैकी कॅनडाचा अनुभव बोलका आहे. तिथल्या जनगणनेत माणसाला आपल्या पूर्वजांचे मूळ लिहायचे असते आणि एकाहून अधिक मुळे लिहिली तरी चालतात. २०२१ मध्ये लोकांनी मिळून साडेचारशेहून अधिक मुळे सांगितली. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी युरोपातले एखादे तरी मूळ नोंदवले : इंग्लिश ५३ लाख, आयरिश आणि स्कॉटिश प्रत्येकी ४४ लाख, फ्रेंच ४० लाख. पण या सगळ्यांच्या वर, ५७ लाखांवर, जे उत्तर होते ते ‘कॅनेडियन’. २०१६ मध्ये तर हेच उत्तर १ कोटी ११ लाख लोकांनी दिले होते. पाच वर्षांत पन्नास लाख लोकांचे पूर्वज बदलले नाहीत, बदलला तो अर्ज. आधीच्या अर्जात प्रश्नाखाली नमुन्यादाखल काही मुळांची यादी छापलेली असे आणि तिच्यात ‘कॅनेडियन’ हेही नाव होते. २०२१ मध्ये ती यादी अर्जावरून काढली गेली.

हे उत्तर देतात कोण, तर मुख्यतः जुन्या फ्रेंच आणि ब्रिटिश वसाहतवाल्यांचे वंशज. फ्रेंचांनी क्वेबेक वसवले १६०८ मध्ये. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत फ्रान्सच्या राजाने वसाहतीतल्या पुरुषांशी लग्ने लावण्यासाठी सुमारे आठशे तरुणी तिकडे पाठवल्या आणि क्वेबेकातली असंख्य फ्रेंच घराणी आपली वंशावळ त्यांच्यापर्यंत नेऊन पोहोचवतात. तीनशे-साडेतीनशे वर्षे झाली, की फ्रान्स हा केवळ वंशावळीतला शब्द उरतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात आलेल्या युक्रेनियनांचे वंशज मात्र आपले मूळ अजून नावानिशी सांगतात. जो जितका आधी आला, त्याचे मूळ तितके पुसट. छत्तीसगडातल्या मराठी माणसांनाही हाच नियम लागू पडतो, फक्त इथे खापरपणजोबांच्या गावाची गाडी रोज सुटते आणि नागपूर एका दुपारच्या प्रवासावर आहे.

या भागात मराठे आले ते १७४१ मध्ये. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर पूर्वेकडच्या मोहिमेवर निघाले असताना त्यांनी वाटेत रतनपूर घेतले आणि हैहयवंशी कलचुरींची शतकानुशतकांची सत्ता जवळजवळ न लढता संपली. भास्करपंत १७४४ मध्ये बंगालात अलीवर्दीखानाकडून मारले गेले. रतनपूर मात्र भोसल्यांकडेच राहिले. १७५८ पासून रघूजींचे धाकटे पुत्र बिंबाजी यांनी तिथे राहून कारभार केला, तो १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत. नागपूरचा भोसला छत्तीसगडात खऱ्या अर्थाने राहिला तो एवढाच. बाकीच्यांनी महसूल नागपुरात बसून घेतला. बिंबाजींनी रतनपूरच्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधले आणि रामटेकच्या आठवणीने त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात. दरबारात मराठी आणि मोडी लिपी आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची इथली चालही त्यांनीच पाडली, असे मानतात.

बिंबाजींच्या मागे सुभेदारांचा काळ आला. महिपतराव दिनकर, विठ्ठलराव दिनकर, केशव गोविंद, विकाजी गोपाळ अशी एकामागून एक नावे या तीस वर्षांत दिसतात. कलचुरींच्या गढांची जुनी रचना मोडून परगणे पाडले गेले आणि प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणीस, लेखक अशी साखळी बसली. तिच्यातली वरची माणसे नागपूरहून येत. त्यांच्या कारभाराला चांगले म्हणणे कठीण आहे. शेती न करणाऱ्यांकडून पंढरी नावाची पट्टी, जमीनदारांकडून टाकोळी आणि सुभेदाराची नेमणूक महसुलाच्या हमीवर, अशा कारभारात रयतेच्या वाट्याला फारसे काही येत नसे. १८१८ मध्ये इंग्रजांनी देखरेख हाती घेतली. कर्नल ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि कारकून कुटुंबेही त्यामागे रायपूरला आली. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला, तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये खालसा झाला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात सामील झाला. मोडीतले दफ्तर बंद झाले, पण ते लिहिणारी घराणी परत गेली नाहीत. रायपूरची तात्यापारा ही वस्ती नावाने तरी त्यांची आठवण सांगते.

मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे छत्तीसगडचा वकील, शिक्षक, तहसीलदार, स्टेशनमास्तर नागपूरच्या वाटेनेच आला. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची मीटरगेज रेल्वे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. ती बंगाल-नागपूर रेल्वेने घेतली, रुंद केली आणि कलकत्त्याच्या बाजूला जोडली. राजनांदगावात कापडगिरणी उभी राहिली. भंडारा-नागपूरकडचे विणकर आणि कामगार, त्यांत महार समाजातले बरेच, गिरणीकडे आणि रेल्वेकडे वळले. मराठी मूळ म्हटले की डोळ्यांसमोर ब्राह्मण कारकून येतो, त्याला कारण कागदपत्रे त्याच्याच हातची आहेत. संख्येने गिरणीतली आणि रुळांवरची माणसे कमी नव्हती.

या काळातल्या शिकलेल्या मराठी घराण्यांनी छत्तीसगडला जे दिले ते प्रामुख्याने हिंदीतून दिले. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. या प्रदेशातल्या पत्रकारितेची सुरुवात याच मासिकापासून मानतात. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशनाची बाजू वामनराव लाखे यांच्याकडे : तिघेही मराठी, मासिक हिंदी. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये याच मासिकात आली आणि हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही सप्रे यांचाच. लाखे पुढे रायपूरच्या सहकारी चळवळीत आणि काँग्रेसच्या कामात अग्रभागी राहिले. आपली भाषा टिकवण्यापेक्षा भोवतालच्या लोकांच्या भाषेत काम करण्याकडे या पिढीचा कल होता. आजच्या आकड्यांत मराठी कमी दिसते, त्याची सुरुवात या निवडीपासून होते.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण राजनांदगावात आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पूर्वज जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात गेलेले. ते स्वतः हिंदीतले मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी आणि समीक्षक. एका घरात दोन भाषांची दोन साहित्ये वाढली. साहित्याबाहेरही मराठी नावे भेटतात. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सांभाळले. चांप्याला कुष्ठरोग्यांसाठी सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये संस्था उभारली. रेल्वेत नोकरी करताना त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला होता. त्यांच्यानंतर ते काम अमरावती जिल्ह्यातून आलेल्या दामोदर गणेश बापट यांनी आयुष्यभर चालवले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उलट दिशेनेही माणसे गेली. बिलासपुरात जन्मलेले सत्यदेव दुबे मुंबईला जाऊन हिंदी आणि मराठी रंगभूमीचे दिग्दर्शक झाले.

भिलाईची गोष्ट या सगळ्याहून वेगळी, कारण तिथे प्रदेशाच्या इतिहासाने माणसे आणली नाहीत, एका कारखान्याने आणली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात वर्षाला दहा लाख टन पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूरच होती. पावणेदोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगडची राजधानी भोपाळ झाली. म्हणजे कारखाना उभा राहत असतानाच नागपूर हे आपल्या राज्याचे गाव राहिले नाही. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि ज्यांची भातशेती कारखान्यात गेली ती आजूबाजूची गावे, यांवर एक नवे शहर उभे राहिले.

पंजाबी, बंगाली, मल्याळी, तेलुगू, ओडिया, बिहारी, उत्तर प्रदेशी अशी सगळी मंडळी आली आणि भिलाईला ‘मिनी इंडिया’ हे नाव पडले. सेक्टर ६ ची कालीबाडी, सेक्टर ५ चे बालाजी मंदिर, सेक्टर २ चे अय्यप्पा मंदिर यांवरून आजही शहराची घडण वाचता येते. वेन्यामिन दिम्शित्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत अभियंते आणि त्यांची कुटुंबे बरीच वर्षे इथे राहिली. सेक्टर ७ मध्ये अजून रशियन कॉम्प्लेक्स आहे. युरोपातून आलेले हे लोक काम संपल्यावर घरी गेले. कॅनडात गेलेल्या युरोपीयांना जमीन मिळाली, भिलाईत आलेल्यांना फक्त मुदत होती, एवढ्या एका फरकाने दोन्हीकडची पुढची वंशावळ ठरली.

मराठी माणसे भिलाईत दोन बाजूंनी आली. नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडून आलेले अभियंते, तंत्रज्ञ, शिक्षक, परिचारिका आणि कामगार हे एक. रायपूर, राजनांदगाव, बिलासपूरच्या जुन्या मराठी घराण्यांतली, नोकरीसाठी टाउनशिपमध्ये आलेली मुले हे दुसरे. पहिल्यांच्या घरात वऱ्हाडी किंवा नागपुरी चालीची मराठी होती. दुसऱ्यांच्या घरात आजीशी मराठी आणि इतरांशी हिंदी असा रिवाज आधीच पडलेला होता. गणेशोत्सव आणि महाराष्ट्र मंडळ यांच्या निमित्ताने हे दोघे एकत्र आले, तरी सोयरिकीच्या वेळी पहिल्यांची नजर विदर्भाकडे जाई.

टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळे ते पगाराच्या श्रेणीप्रमाणे. कोणत्या प्रांताचा माणूस याला तिथे अर्थ नव्हता. त्यामुळे रायपुरात होती तशी मराठी गल्ली भिलाईच्या सेक्टरांत कधी तयारच झाली नाही. डाव्या हाताला मल्याळी, उजव्या हाताला बिहारी, समोर बंगाली आणि शाळा हिंदी किंवा इंग्रजी. मुलांची खेळण्याची भाषा हिंदी झाली, मग घरातली झाली. कारखान्याबाहेर चित्र निराळे होते. खुर्सीपारसारख्या वस्त्यांत एका प्रांताचे लोक एकत्र राहिले आणि त्यांची भाषा जास्त टिकली. पक्की नोकरी आणि चांगले घर मिळालेल्यांची मातृभाषा आधी गेली, ही गोष्ट भिलाईच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

मूळचे छत्तीसगढी लोक मात्र या मिनी इंडियात सुरुवातीला मागेच राहिले. अधिकारी आणि कुशल कामगार बाहेरचे, मातीकाम स्थानिकांचे, ही वाटणी बरीच वर्षे चालली आणि ‘छत्तीसगढिया’ विरुद्ध ‘परदेसिया’ हा ताण तिच्यातून निघाला. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी भिलाईत अनेक वर्षे अभ्यास करून २०२० मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्क्या नोकरीतला कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यातली दरी प्रांताच्या किंवा जातीच्या दरीपेक्षाही खोल होत गेली, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच कंत्राटी कामगारांची संघटना बांधणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली.

मूळ शोधताना नुसत्या खुणांवर विसंबले तर फसगत होते. दुर्ग जिल्ह्यात ‘देशमुख’ हे आडनाव भरपूर आढळते, पण ते बहुतेक छत्तीसगढी बोलणाऱ्या कुर्म्यांचे आहे. ‘चंदैनी गोंदा’ हा १९७१ पासून गाजलेला लोकनाट्याचा प्रयोग उभा करणारे बघेऱ्याचे दाऊ रामचंद्र देशमुख हे पक्के छत्तीसगढी. पोळ्याचेही तेच. श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावरच्या अमावास्येला विदर्भात बैल सजतात, छत्तीसगडात त्याच दिवशी पोरा असतो आणि मुले मातीचा नंदियाबैल ओढतात. तो कुणी कुणाकडून आणलेला नाही, सलग शेतीपट्ट्याचा सण आहे. बस्तरची हलबी भाषा ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा सर्वेक्षणात मराठीच्या खंडात घातली. तिच्यात मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी तिन्ही मिसळलेल्या आहेत आणि जनगणना तिला स्वतंत्र मोजते. हलबी बोलणाऱ्याला कुणी मराठी वंशाचा म्हणत नाही.

एका समाजाच्या बाबतीत भाषा गेली तरी मूळ स्पष्ट राहिले. २०११ मध्ये छत्तीसगडात बौद्ध म्हणून नोंद झालेले लोक सत्तर हजारांच्या आसपास होते आणि राजनांदगाव-दुर्ग हा त्यांचा मुख्य भाग. त्यांच्यातले बहुसंख्य महार समाजातून आलेले. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची बौद्ध धर्माची दीक्षा त्यांच्यापर्यंत रेल्वेच्या रुळांनीच पोहोचली. घरात हिंदी किंवा छत्तीसगढी असली, तरी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाण्याचा परिपाठ आहे. डोंगरगडच्या प्रज्ञागिरीवर भव्य बुद्धमूर्ती उभी आहे.

आणि सरकार पूर्वजांचे गाव खरोखर विचारते ते जातीचा दाखला देताना, याच लोकांनाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० रोजी आणि इतर मागासवर्गासाठी २६ डिसेंबर १९८४ रोजी आजच्या छत्तीसगडच्या हद्दीत राहत होते, हे दाखवावे लागते. पुरावा म्हणून बहुतेक वेळा पणजोबांच्या नावाचा मिसल बंदोबस्ताचा, म्हणजे जुन्या जमीन-नोंदीचा, उतारा शोधावा लागतो. एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्याला अनुसूचित जातीचा लाभ बरोबर नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात ठरवले. त्यामुळे गिरणीच्या काळात राजनांदगावला आलेल्या महार घराला दाखला मिळतो आणि १९५८ मध्ये भंडाऱ्याहून भिलाईला आलेल्या त्याच्याच सोयऱ्याला मिळत नाही, जरी महार ही जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी. त्या सोयऱ्याच्या नातवाला दाखल्यासाठी महाराष्ट्रातल्या त्या गावी जावे लागते, जिथे त्याचा बाप कधी राहिलेलाही नसतो.

भिलाई कारखान्यात १९८० च्या दशकात पक्के कामगार साठ हजारांच्या घरात होते. नंतर ती संख्या सतत घटत गेली आणि बापाच्या जागी मुलगा लागण्याचे दिवस संपले. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी नाव कमावलेल्या या शहरातली मुले शिकून पुणे, बंगळूर, हैदराबादला जातात. त्यांतल्या मराठी मुलांना पुण्यात पोहोचल्यावर कळते, की त्यांची मराठी इथे हिंदीसारखी ऐकू येते. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात सर्व जातींची नोंद होणार आहे. भिलाईत जन्मून पुण्यात राहणारा मराठी माणूस जन्मस्थानाच्या तक्त्यात तेव्हा ‘छत्तीसगडहून स्थलांतरित’ म्हणून मोजला जाईल, आणि भिलाईतच राहिलेला त्याचा भाऊ कोणत्या भाषेच्या रकान्यात पडेल ते त्या दिवशी घरात प्रगणकाशी कोण बोलते यावर ठरेल.